डेस्कटॉप ते लॅपटॉप: एका कर-सल्लागार कार्यालयाचे स्थलांतर

तालुक्याच्या गावात कर-सल्लागारांची जी छोटी कार्यालये असतात, त्यांतले एक नमुन्याचे कार्यालय इथे घेतले आहे. सगळे काम एका डेस्कटॉपवर चालते. २०१४च्या सुमारास जुळवून घेतलेले हे यंत्र: चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची साधी हार्ड डिस्क आणि तिचे सी व डी असे दोन भाग. त्यावर आधी ३२-बिट विंडोज ७ होते. २०१५-१६च्या मोफत अपग्रेडच्या मुदतीत त्याचे विंडोज १० झाले, पण ते ३२-बिटच राहिले. अपग्रेडने बिट बदलत नाहीत.

या यंत्रावर टॅली.ईआरपी ९ हे हिशेबाचे सॉफ्टवेअर आहे, ऑफिस २०१० आहे, आउटलुकमध्ये ११ जीबीची मेल फाइल आहे. टीडीएसचे, म्हणजे मुळातून कापलेल्या कराचे, विवरणपत्र तयार करणारी आरपीयू, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन, यूएसबी लॉकवर (जोडल्याशिवाय प्रोग्राम उघडू न देणारे छोटे उपकरण) चालणारी मराठी टंकनाची श्री-लिपी, डी ड्राइव्हवर अशिलांची १६८ जीबी कागदपत्रे, आणि दोन गृहनिर्माण सोसायट्यांची मेंटेनन्स बिले काढणारा फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस भाषेतला, विंडोजपूर्व डॉसवर चालणारा प्रोग्राम. बिले डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर निघतात आणि तो जाड पॅरलल केबलने जोडलेला आहे. नवा लॅपटॉप तेराव्या पिढीचा, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, विंडोज ११ होम.

बदलाचे कारण सरळ आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार संपला, म्हणजे मायक्रोसॉफ्टची नेहमीची अद्यतने थांबली. घरगुती वापरकर्त्यांसाठीची वाढीव सुरक्षा अद्यतनेही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. हा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही, त्याला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा चिपही नाही. अशिलांचे पॅन, आधार क्रमांक आणि बँक खात्यांचे तपशील असलेले यंत्र सुरक्षा अद्यतनांशिवाय इंटरनेटवर ठेवू नये.

अशा कामात लोक फाइलींपासून सुरुवात करतात, आणि चूक तिथेच होते. फाइली कधीही नेता येतात. जुने यंत्र चालू असेपर्यंतच नेता येते ते वेगळेच असते: टॅलीचे लायसन्स, ब्राउझरमधले पासवर्ड, कोणत्या ईमेलवर काय नोंदलेले आहे याची माहिती. म्हणून पुढचा सगळा क्रम जुने यंत्र जिवंत असताना काय सोडवून घ्यायचे, या प्रश्नाभोवती लावला आहे.

क्लोन का नाही

पहिला सल्ला हमखास मिळतो तो असा: जुन्या डिस्कचे क्लोन, म्हणजे हुबेहूब प्रत, लॅपटॉपच्या एसएसडीवर चढवा, सगळे जसेच्या तसे येईल. या प्रकरणात ते होणारच नाही. जुनी डिस्क एमबीआर या जुन्या मांडणीची आहे आणि बायोस या यंत्र सुरू करण्याच्या जुन्या पद्धतीने सुरू होते. आजचे बहुतेक लॅपटॉप फक्त यूईएफआय या नव्या पद्धतीने सुरू होतात, जुनी पद्धत चालवणारा पर्याय त्यांच्यात नसतो. ६४-बिट यूईएफआयवर ३२-बिट विंडोज सुरूच होत नाही, आणि ३२-बिटचे ६४-बिटमध्ये जागेवर अपग्रेडही होत नाही.

जुने विंडोज ६४-बिट असते, तरी अडथळे संपले नसते. अकराव्या पिढीपासून पुढच्या अनेक इंटेल लॅपटॉपांत एसएसडी व्हीएमडी नावाच्या नियंत्रकामागे असते. त्याचा ड्रायव्हर नसलेले विंडोज चढवले की निळा पडदा येतो आणि बूट डिस्क सापडत नाही असे सांगतो. शिवाय इतका खटाटोप करून हाती काय येणार, तर आधार संपलेले विंडोज १०. लॅपटॉपसोबत आलेल्या विंडोज ११ चे लायसन्स त्याच्या मदरबोर्डमध्येच नोंदलेले असते. ते तसेच राहू द्यावे आणि प्रोग्राम नव्याने बसवावेत.

प्रोग्राम फाइल्सचे फोल्डर उचलून लॅपटॉपवर टाकण्याचा मोहही आवरावा. प्रोग्रामच्या नोंदी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीत, असतात, सेवा वेगळ्या नोंदलेल्या असतात, काही भाग प्रोग्रामडेटात तर काही अ‍ॅपडेटात असतो. फोल्डर आले तरी प्रोग्राम आलेला नसतो. विंडोज ११ मधले बॅकअप अ‍ॅप सेटिंग्ज आणि अ‍ॅपची यादी आणते, पण टॅलीसारखे डेस्कटॉप प्रोग्राम त्यातून चालू अवस्थेत येत नाहीत.

मुहूर्त आणि पहिली प्रत

करांच्या तारखा पाहूनच दिवस ठरवावा. ७ तारखेला टीडीएस भरणा, ११ला जीएसटीआर-१ (विक्रीचे विवरणपत्र), २०ला जीएसटीआर-३बी (करभरण्याचे विवरणपत्र). म्हणून २१ तारखेनंतरचा शनिवार-रविवार योग्य. त्यातही जानेवारी, मे, जुलै आणि ऑक्टोबरची अखेर टाळावी, कारण तेव्हा टीडीएसची तिमाही विवरणपत्रे ३१ तारखेपर्यंत जायची असतात.

कशालाही हात लावण्याआधी जुन्या डिस्कची तब्येत पाहावी. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन त्यासाठी पुरते. त्यात दोन ओळी महत्त्वाच्या: क्रमांक ५, म्हणजे खराब म्हणून बदललेले सेक्टर, आणि क्रमांक सी५, म्हणजे वाचताना अडलेले सेक्टर. सी५ पुढचा कच्चा आकडा शून्य नसेल, तर साफसफाई, डीफ्रॅग, डिस्क दुरुस्ती यांतले काहीही न करता आधी प्रत काढावी. दुरुस्तीची आज्ञा आजारी डिस्ककडून तासन्‌तास काम करून घेते, आणि नेमकी त्यातच ती मान टाकते.

पहिली प्रत म्हणजे पूर्ण सिस्टिमची प्रतिमा. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्समधले डिस्कटूव्हीएचडी हे छोटे साधन चालू विंडोजची प्रतिमा काढून एका फाइलीत ठेवते. सी ड्राइव्ह आणि सिस्टिम रिझर्व्हड या दोन भागांवर खूण करावी. डीची प्रत पुढे वेगळी निघणारच आहे. व्हीएचडीएक्स वापरण्याची खूण काढून साधी व्हीएचडी घ्यावी, म्हणजे विंडोज ११ होमवर व्हर्च्युअलबॉक्स या आभासी यंत्र चालवणाऱ्या साधनातही ती जोडता येते. प्रतिमा बाहेरच्या १ टीबी डिस्कवरच लिहावी, त्याच डिस्कच्या डी भागावर नव्हे. ही फाइल विंडोज ११ वर डबल-क्लिक केली की एखाद्या ड्राइव्हसारखी उघडते. सहा महिन्यांनी एखादे विसरलेले सेटिंग शोधायला हीच उपयोगी पडते. मात्र जुन्या विंडोजचे लायसन्स त्या यंत्रापुरते असते. प्रतिमा पाहण्यासाठी ठेवावी, तीत रोजचे काम करू नये.

बाहेरची डिस्क एनटीएफएस किंवा एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली हवी. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी एकही फाइल बसत नाही. ११ जीबीची मेल फाइल आणि प्रतिमा दोन्ही तिथे अडतात.

लॅपटॉप तयार करणे: डी ड्राइव्ह आधी

लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करताना विंडोज ११ होम मायक्रोसॉफ्ट खाते मागते. ईमेलने खाते जोडले की वापरकर्त्याच्या फोल्डरला त्या ईमेलची पहिली पाच अक्षरे नाव म्हणून मिळतात. दिसायला क्षुल्लक वाटते, पण जुन्या यंत्रावरचे जे शॉर्टकट आणि एक्सेलमधले जे दुवे सी ड्राइव्हवरच्या जुन्या वापरकर्त्याच्या फोल्डरकडे बोट दाखवतात, ते सगळे यामुळे तुटतात.

त्यावर उत्तम उपाय म्हणजे कामाची प्रत्येक गोष्ट डी ड्राइव्हवर ठेवणे, आणि लॅपटॉपवरही डी ड्राइव्ह बनवणे. नवे लॅपटॉप बहुधा एकाच सी ड्राइव्हसह येतात. ५१२ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये सुमारे ४७६ जीबी दिसते. डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी आकसून २५० जीबीचा नवा भाग करावा आणि त्याला डी हे अक्षर द्यावे. त्या वेळी पेनड्राइव्ह किंवा बाहेरची डिस्क जोडलेली नसावी, नाहीतर डी हे अक्षर ती घेऊन बसते. या एका कामाने टॅलीचा डेटा मार्ग, एक्सेलमधले एका फाइलीतून दुसरीत गेलेले दुवे, वर्डच्या मेल मर्जचे स्रोत आणि फॉक्सप्रोच्या प्रोग्राममध्ये कायमचा लिहिलेला मार्ग, सगळे न बदलता चालते. संपूर्ण स्थलांतरात इतक्या कमी श्रमात इतका फायदा देणारे दुसरे काम नाही.

दोन गोष्टी याच टप्प्यावर पाहाव्या. वनड्राइव्ह ही मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवरची साठवण सुरुवातीलाच डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे फोल्डर स्वतःकडे वळवते. मोफत जागा ५ जीबी. १६८ जीबीचे काम करणाऱ्या कार्यालयात ती पहिल्या तासात भरते आणि मग सिंक अडल्याच्या सूचना सुरू होतात. वनड्राइव्हच्या सेटिंग्जमधून हा फोल्डर बॅकअप आधीच बंद करावा. फाइली टाकल्यानंतर बंद केला, तर त्यातल्या काही वनड्राइव्हच्या फोल्डरात राहतात आणि डेस्कटॉप रिकामा दिसतो. अशा वेळी फाइली गेल्या असे समजून घबराट उडते.

दुसरी गोष्ट एन्क्रिप्शनची. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्या यंत्रावर मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते. चोरीच्या दृष्टीने हे चांगलेच. पण बायोस अद्यतनानंतर किंवा मदरबोर्ड बदलल्यावर यंत्र ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते, आणि ती नसेल तर डेटा कोणालाही काढता येत नाही. ही की मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. तिथून ती कागदावर उतरवून कार्यालयाच्या तिजोरीत ठेवावी. लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नये.

फाइली

जुन्या यंत्राच्या मागे निळ्या रंगाची यूएसबी ३.० ची भोके असतात, पुढची बहुधा २.० ची. बाहेरची डिस्क मागे लावावी. २.० वर प्रत्यक्षात सेकंदाला ३५ एमबीच्या आसपास वेग मिळतो, म्हणजे १६८ जीबीला किमान ८० मिनिटे. ३.० वर अडसर हार्ड डिस्कच्याच वेगाचा, सेकंदाला १०० एमबी धरले तर २८ मिनिटे. हे हिशेब मोठ्या फाइलींचे. हजारो छोट्या पीडीएफ आणि स्कॅन असतील तर वेळ दुप्पट-तिप्पट होतो. तो गृहीत धरूनच संध्याकाळी काम लावावे.

लॅन केबलने दोन्ही यंत्रे थेट जोडूनही काम होते, पण बाहेरच्या डिस्कचा मार्ग इथे जास्त बरा, कारण काम झाल्यावर हातात तिसरी प्रत उरते.

फाइली ओढून टाकण्यापेक्षा रोबोकॉपी ही प्रत काढणारी आज्ञा वापरावी. ती विंडोजमध्ये असतेच, अडली तरी पुढे जाते आणि लॉग ठेवते. तिच्यापुढे तिरकी रेघ देऊन लिहायच्या पर्यायांना स्विच म्हणतात. ई हा स्विच रिकाम्या फोल्डरांसह सगळे घेतो. एक्सजे हा स्विच विसरू नये. अ‍ॅपडेटात स्वतःकडेच परत येणारे दुवे असतात, आणि एक्सजे नसेल तर प्रत एकाच फोल्डरात गोल गोल फिरत राहते. आर (पुन्हा किती वेळा प्रयत्न) आणि डब्ल्यू (मध्ये किती सेकंद थांबायचे) हे दोन्ही १ ठेवावे. न सांगितल्यास रोबोकॉपी एका अडलेल्या फाइलीसाठी १० लाख वेळा, दर ३० सेकंदांनी प्रयत्न करते, म्हणजे रात्रभर लावलेले काम सकाळी पहिल्याच खराब फाइलीवर थांबलेले दिसते. एमआयआर हा स्विच इथे अजिबात वापरू नये. स्रोतात नसलेले सगळे तो मुक्कामावरून पुसतो, आणि चुकून मार्ग उलटे दिले गेले तर पुसला जातो तो मूळ डेटा.

एक घोळ वारंवार होतो. पूर्ण डी ड्राइव्हची प्रत एखाद्या फोल्डरात घेतली की मूळ ड्राइव्हचे लपलेपणाचे गुणधर्म त्या फोल्डरला चिकटतात, आणि प्रत पूर्ण होऊनही फोल्डर दिसत नाही. ए वजा एसएच (/A-:SH) हा स्विच दिला की हे टळते. दुसरा घोळ मार्गाच्या लांबीचा. अशिलाचे नाव, आर्थिक वर्ष, विषय असे फोल्डरात फोल्डर आणि मराठीत लिहिलेली लांबलचक नावे, त्यात प्रत आणखी एका फोल्डरात गेली की मार्ग २६० अक्षरांच्या पुढे जातो. रोबोकॉपी अशा फाइली नेते, पण एक्सप्लोरर किंवा वर्ड त्या उघडायला नकार देते. म्हणून डीमधले सगळे लॅपटॉपच्या डीच्या मुळातच न्यावे, एखाद्या ‘जुना डेस्कटॉप सगळा डेटा’ अशा नावाच्या फोल्डरात नव्हे.

डी सोपा, खरी गळती सीमध्ये होते. वापरकर्त्याच्या फोल्डरातून डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स सगळेच घेतात. पण आउटलुकमधल्या स्वाक्षऱ्या, वर्डचा नॉर्मल टेम्पलेट आणि ऑटोकरेक्टच्या नोंदी अ‍ॅपडेटाच्या रोमिंगमध्ये, आणि स्टिकी नोट्स अ‍ॅपडेटाच्या लोकलमध्ये असतात. अ‍ॅपडेटा हे फोल्डर लपलेले असते. पूर्ण अ‍ॅपडेटा लॅपटॉपच्या अ‍ॅपडेटावर टाकू नये, त्याने नवे प्रोग्राम बिघडतात. ते बाहेरच्या डिस्कवर ठेवावे आणि हवे तेवढेच उचलावे.

टॅली: सोडून द्या, मग घ्या

टॅलीचे एक-वापरकर्ता लायसन्स एका वेळी एकाच यंत्रावर चालते. जुन्या यंत्रावर ते सरेंडर केल्याशिवाय नव्यावर सक्रिय होत नाही. टॅली.ईआरपी ९ मध्ये एफ१२ च्या कॉन्फिगरेशनमधल्या लायसन्सिंगमध्ये सरेंडरचा पर्याय आहे, आणि त्याला इंटरनेट लागते. त्याआधी तीन कामे करावी: प्रत्येक कंपनीचा बॅकअप, डेटा फोल्डरची वेगळी प्रत, आणि चालू व मागील वर्षाचा ट्रायल बॅलन्स (सर्व खात्यांच्या शिलकांचा तक्ता) पीडीएफमध्ये. सरेंडर झाल्यावर जुने यंत्र एज्युकेशनल मोडमध्ये जाते आणि तिथे महिन्याच्या मोजक्याच तारखांच्या नोंदी करता येतात. म्हणून हे काम रविवारीच करावे, सोमवारी सकाळी ग्राहक समोर बसलेला असताना नव्हे.

सक्रिय करताना अनलॉक की नोंदणीच्या ईमेलवर येते. छोट्या कार्यालयांत इथे कोंडी होते, कारण टॅली घेताना दिलेला ईमेल सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचा किंवा विकणाऱ्या दुकानदाराचा निघतो. सरेंडर करण्याच्या आठवडाभर आधी हा ईमेल कोणता आहे आणि तो उघडतो का, हे पाहावे. उघडत नसेल तर आधी ईमेल बदलून घ्यावा, मगच सरेंडर.

या कार्यालयात आणखी एक पायरी आहे. टॅलीप्राइम ६४-बिट विंडोजवरच चालते, म्हणून जुन्या यंत्रावर ईआरपी ९ धरून बसावे लागले होते. लॅपटॉपवर ती अडचण नाही, पण टीएसएस, म्हणजे टॅलीची अद्यतनांची वर्गणी, चालू हवे, संपलेले असेल तर नूतनीकरण करावे. ईआरपी ९ चा डेटा टॅलीप्राइममध्ये उघडताना तो नव्या रचनेत बदलला जातो आणि मग जुन्या आवृत्तीत उघडत नाही. बदल नेहमी प्रतीवर करावा. झाल्यावर ट्रायल बॅलन्स काढून पीडीएफशी ताडावा. दोन्ही वर्षांचे आकडे पैशापैशाने जुळले, तरच टॅलीचे स्थलांतर झाले म्हणायचे.

बिलाचा नमुना बदलणारी टीडीएल फाइल असेल, तर ती डेटा फोल्डरात नसते. तिचा मार्ग टॅलीच्या आयएनआय फाइलीत लिहिलेला असतो. ती राहून गेली की बिल टॅलीच्या मूळ साच्यात निघते आणि सोसायटीचा किंवा दुकानाचा लोगो गायब होतो. ईआरपी ९ साठी लिहिलेली टीडीएल टॅलीप्राइममध्ये जशीच्या तशी चालेल असे धरू नये. ती लिहून देणाऱ्याकडून सुधारून घ्यावी लागते.

फॉक्सप्रोचा पेच

सोसायटीच्या बिलांचा प्रोग्राम लॅपटॉपवर डबल-क्लिक केला की हे अ‍ॅप या यंत्रावर चालू शकत नाही, एवढेच उत्तर येते. डॉसचे प्रोग्राम चालवणारा एनटीव्हीडीएम हा भाग फक्त ३२-बिट विंडोजमध्ये होता. विंडोज ११ फक्त ६४-बिट आहे, म्हणजे कोणतेही सेटिंग बदलून हा प्रोग्राम थेट चालणार नाही. कंपॅटिबिलिटीच्या खुणा करून पाहण्यात वेळ घालवू नये.

प्रोग्राम लिहिणारा आता उपलब्ध नाही, हातात फक्त ईएक्सई, म्हणजे चालवायची तयार फाइल, आहे, हीच बहुतेक ठिकाणची स्थिती. आधी डेटा पूर्ण आहे का ते पाहावे. डीबीएफ या टेबलांच्या फाइलींसोबत सीडीएक्स किंवा आयडीएक्स अशा निर्देशांकाच्या फाइली आणि मेमो असलेल्या टेबलांसाठी एफपीटी फाइली लागतात, आणि ईएक्सईला ईएसएल ही रनटाइम फाइल लागते. ती कधी प्रोग्रामच्याच फोल्डरात असते, कधी भलत्याच. प्रत घेताना प्रोग्राम बंद हवा. उघडा असताना घेतलेल्या प्रतीत टेबल आणि निर्देशांक जुळत नाहीत, आणि मग सदस्याची थकबाकी शोधताना भलत्याच फ्लॅटची ओळ येते.

चालवण्यासाठी व्हीडॉस हे साधन योग्य. ते डॉसच्या कार्यालयीन प्रोग्रामांसाठीच केलेले आहे. जास्त प्रसिद्ध असलेले डॉसबॉक्स खेळांसाठी आहे आणि मूळ डॉसबॉक्समध्ये छपाई नाही. व्हीडॉसच्या सुरुवातीच्या मजकूर फाइलीत डी ड्राइव्ह कोणत्या फोल्डरला जोडायचा ते लिहावे. लॅपटॉपवर डी बनवून ठेवलाच आहे, त्यामुळे प्रोग्राममधला मार्ग न बदलता सापडतो.

खरा त्रास छपाईत होतो. प्रोग्राम एलपीटी१ या पॅरलल पोर्टवर छापतो आणि लॅपटॉपला पॅरलल भोक नसते. बाजारात यूएसबी ते पॅरलल केबल मिळते, पण ती विंडोजमध्ये एलपीटी१ म्हणून उमटत नाही, यूएसबीचे आभासी पोर्ट म्हणून उमटते. केबल घेण्याआधी प्रिंटरच्या पाठीमागे पाहावे. एलएक्स-३१० सारख्या प्रिंटरांना पॅरललशेजारीच यूएसबीचे चौकोनी भोक असते आणि तिथे साधी प्रिंटर केबल चालते. मग व्हीडॉसमध्ये एलपीटी१ ला तो प्रिंटर नेमून द्यावा.

सोसायटीचे बिल ८० रकान्यांच्या कागदावर १३२ अक्षरे बसवून छापलेले असते. त्यासाठी प्रोग्राम प्रिंटरला बारीक अक्षरांचा संकेत पाठवतो. इंचाला १० ऐवजी सुमारे १७ अक्षरे पडली की ८ इंचांत १३२ मावतात. विंडोजचा चित्रमय ड्रायव्हर मध्ये आला की हा संकेत हरवतो, ओळ दुमडते, आणि एकूण रकमेचा रकाना खालच्या ओळीवर जातो. प्रिंटरला ‘जेनेरिक टेक्स्ट ओन्ली’ हा ड्रायव्हर लावून मजकूर संकेतांसह कच्चाच पुढे जाऊ दिला की हे सुटते. कागद चढवून एक खरे बिल काढल्याशिवाय हे काम झाले असे मानू नये. पडद्यावर सगळे नीटच दिसते.

हा मार्ग तात्पुरता आहे. डीबीएफ फाइली लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये उघडतात. सदस्यांची यादी आणि थकबाकी तिथून काढून पुढच्या आर्थिक वर्षाची बिले टॅलीत किंवा सोसायटीच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये सुरू करावी. मार्चअखेरीस शिल्लक बंद होते, तेव्हा बदलणे सोपे. मध्येच बदलले तर व्याजाचा हिशेब दोन ठिकाणी वाटला जातो.

मराठी कागदपत्रे

जुन्या नोटिसा आणि सभांची इतिवृत्ते डीव्हीबी-टीटी सुरेख, श्री-लिपी किंवा कृतिदेव अशा युनिकोडपूर्व फॉन्टांत असतात. फॉन्ट नसेल तर उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो आणि फाइल खराब झाली असे वाटते. फाइल ठीक असते, फॉन्ट नसतो. जुन्या यंत्राच्या विंडोजमधील फॉन्ट्स फोल्डरातून आणि अ‍ॅपडेटाच्या लोकलमधील फॉन्ट्स फोल्डरातूनही ते उचलावे. काही फॉन्ट एकाच वापरकर्त्यापुरते बसवलेले असतात आणि ते दुसऱ्या जागी सापडतात. लॅपटॉपवर सर्व वापरकर्त्यांसाठी बसवण्याचा पर्याय निवडावा.

युनिकोडमध्येही एक चकवा आहे. मंगल, कोकिला, अपराजिता हे फॉन्ट विंडोज ११ मध्ये मुळात नसतात. मंगलमध्ये केलेले पत्र निर्मला फॉन्टमध्ये दिसते, ओळी सरकतात आणि एका पानाचे दोन होते. सेटिंग्जच्या ऑप्शनल फीचर्समधून देवनागरी पूरक फॉन्ट घेतले की पत्र पूर्ववत होते. गुगलचे जुने ऑफलाइन इनपुट साधन आता मिळत नाही. रोमन अक्षरांतून मराठी टंकणाऱ्यांनी विंडोजमधलाच मराठी फोनेटिक कळफलक जोडावा, इन्स्क्रिप्टवाल्यांना तर तो आहेच. श्री-लिपीच्या यूएसबी लॉकला विंडोज ११ चा ड्रायव्हर लागतो. तो विक्रेत्याकडून आधीच मागवून ठेवावा.

मेल, पासवर्ड, टोकन

ऑफिस २०१० चा आधार १३ ऑक्टोबर २०२० रोजीच संपला, म्हणून ऑफिस नवे घ्यावे आणि आउटलुकचे क्लासिक रूप वापरावे. पीओपी खात्याची, म्हणजे यंत्रावर उतरवून घेतली जाणारी, जुनी मेल सर्व्हरवर नसते, आउटलुकच्या पीएसटी फाइलीतच असते. आउटलुक बंद करून पीएसटी डीवर न्यावी आणि खात्याच्या सेटिंग्जमधल्या डेटा फाइल्समधून जोडावी. ओएसटी फाइल ही सर्व्हरवरच्या मेलची यंत्रातली प्रत असते. ती नेऊ नये, ती नव्या यंत्रावर आपोआप बनते. लॅपटॉपवरचे आउटलुक सर्व्हरवर उरलेली मेल पुन्हा उतरवते, त्यामुळे शेवटच्या काही दिवसांची मेल दोनदा दिसेल. ती खोडावी. त्याच दिवशी जुन्या यंत्रावरचे मेल उतरवणे बंद करावे, नाहीतर नवी मेल दोन यंत्रांत विखुरते.

क्रोमचे प्रोफाइल फोल्डर नेले तरी पासवर्ड येत नाहीत. ते जुन्या यंत्रावरच्या त्या विंडोज वापरकर्त्याच्या किल्लीने कुलूपबंद असतात. जुन्या यंत्रावरूनच ते सिंक करावे किंवा सीएसव्हीत काढावे. ही सीएसव्ही साधी मजकूर फाइल असते, प्राप्तिकर आणि जीएसटीचे सगळे पासवर्ड उघडे. आयात झाली की शिफ्ट दाबून कायमची खोडावी.

डिजिटल स्वाक्षरीचे नेण्यासारखे काहीच नसते. खासगी किल्ली टोकनातून बाहेर येतच नाही. टोकनाचा ड्रायव्हर, जीएसटीसाठी एमसाइनर आणि प्राप्तिकरासाठी एमब्रिज बसवले की झाले. पोर्टलवर नोंदणी प्रमाणपत्राची असते, यंत्राची नाही, म्हणून ती पुन्हा करायला नको. पिन मात्र आधी खात्रीने माहीत हवा. चुकीचा पिन ठरावीक वेळा दिला की टोकन बंद पडते, आणि ऐन मुदतीच्या दिवशी ते फार महागात जाते.

जुने यंत्र कधी मोडायचे

लॅपटॉपवरून एक पूर्ण महिना जाऊ द्यावा: एक जीएसटीआर-१, एक ३बी, एक टीडीएस भरणा, सोसायटीची एका वेळची बिले. तोवर जुने यंत्र नेटवर्कपासून तोडून, पण चालू स्थितीत ठेवावे. त्यावर नवी नोंद कोणी करू नये म्हणून टॅलीचा आणि आउटलुकचा शॉर्टकट काढून टाकावा. दोन ठिकाणी केलेल्या नोंदी एकत्र आणणे हे या सगळ्यात सर्वांत कंटाळवाणे काम आहे.

फाइलींची पडताळणी रोबोकॉपीला एल हा स्विच देऊन करावी. तो काहीच न हलवता फक्त फरक दाखवतो. मोठ्या पीएसटीसाठी विंडोजमधल्या सर्टयुटिलने दोन्ही ठिकाणचा एसएचए२५६ हॅश, म्हणजे फाइलीच्या मजकुरावरून निघणारी ओळखखूण, काढून ताडावा.

लॅपटॉप कार्यालयाबाहेर जातो, पडतो, चोरीला जातो, आणि एन्क्रिप्ट केलेल्या एसएसडीतून डेटा परत मिळवणे जवळपास अशक्य. म्हणून दोन बाहेरच्या डिस्क आलटून पालटून, दर आठवड्याला एक, आणि त्यांतली एक कायम घरी. प्रतिमा आणि जुन्या टॅलीच्या प्रतीही तिथेच राहाव्या. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात.

महिन्यानंतर डेस्कटॉप विकायचा किंवा भंगारात द्यायचा असेल, तर डिस्क आधी पूर्ण पुसावी. नुसते फॉरमॅट पुरत नाही. विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करून डिस्कपार्ट या विंडोजच्या डिस्क-साधनात ती डिस्क निवडावी आणि ‘क्लीन ऑल’ ही आज्ञा द्यावी. प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहिले जाते, आणि ५०० जीबीला दीड तासाच्या आसपास लागतो. आज्ञा देण्याआधी बाहेरच्या सगळ्या डिस्क हाताने काढून ठेवाव्या आणि यादीत एकच डिस्क दिसते याची खात्री करावी. पेनड्राइव्हही यादीत डिस्क म्हणूनच येतो, तेव्हा आकार पाहून क्रमांक निवडावा.